असिस्टंटला आधी डॉक्स उघडायला लावा

पायथन नव्याने शिकणाऱ्यांच्या स्क्रीनवर एक एरर मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो आता पाठ झाला आहे: डेटाफ्रेममध्ये, म्हणजे पायथनमधल्या टेबलमध्ये, 'अपेंड' नावाचं काही नाही. काम साधंच असतं. बारा महिन्यांच्या बारा एक्सेल फाइली एकाखाली एक जोडायच्या. एआय असिस्टंट काही सेकंदांत सुबक कोड लिहून देतो आणि तो पहिल्याच फाइलला अडकतो. मग तोच एरर असिस्टंटला परत चिकटवायचा, तो काहीतरी बदलणार, पुन्हा रन, पुन्हा एरर. यात संध्याकाळ निघून जाते.

टेबलं हाताळणारी पायथनची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, म्हणजे पांडाज. 'अपेंड' तिच्यात कधीकाळी होतं. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या १.४ व्हर्जनने ते वापरू नका असं सांगितलं आणि एप्रिल २०२३ च्या २.० व्हर्जनमधून ते काढूनच टाकलं. त्याच्या जागी 'कॉन्कॅट' वापरायचं. पांडाजच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात डॉक्स म्हणतो तिथे, हे स्वच्छ लिहिलं आहे. असिस्टंटला ते पान उघडायला कोणी सांगितलं नव्हतं, एवढाच प्रश्न होता.

असं का होतं हे समजून घेतलं तर पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. असिस्टंटमागचं एआय मॉडेल ज्या मजकुरावर शिकलं त्यात पांडाजचा अनेक वर्षांचा कोड होता. 'अपेंड'ची उदाहरणं ढीगभर, ते गेल्यानंतरची त्या मानाने थोडी. त्यात हे शिकणं एका तारखेला थांबलेलं असतं आणि तुमच्या मशीनवर काय बसवलं आहे हे मॉडेलला दिसत नसतं. मग जे सर्वांत जास्त वेळा पाहिलं तेच ते लिहितं. वेब शिकणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. रिॲक्ट या वेब लायब्ररीची जुनी 'रेंडर' पद्धत डिसेंबर २०२४ च्या १९ व्या व्हर्जनमधून गेली, वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या टेलविंडच्या जानेवारी २०२५ च्या चौथ्या व्हर्जनमध्ये सेटिंग लिहायची जागाच बदलली, आणि असिस्टंट अजूनही जुन्या पद्धतीने लिहून देऊ शकतो. भाषा तितकीच ठाम असते, त्यामुळे वाचून फरक कळत नाही.

एक सूचना आधीच देतो. या लेखात फंक्शनांची आणि कमांडची नावं देवनागरीत लिहिली आहेत. असिस्टंटशी मराठीत बोललात तरी चालतं, पण ही नावं टाइप करताना रोमन अक्षरांतच आणि स्पेलिंग जसंच्या तसं लिहा.

पायरी १: व्हर्जन शोधा

डॉक्स उघडण्याआधी कोणत्या व्हर्जनचे डॉक्स हवेत ते ठरायला हवं. पायथनसाठी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'पिप शो' आणि पुढे लायब्ररीचं नाव लिहिलं की व्हर्जन दिसतं. नोडच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या, प्रोजेक्टमध्ये 'एनपीएम एलएस' हेच काम करतं. असिस्टंटला टर्मिनल वापरायची परवानगी असेल तर त्यालाच बघायला सांगा.

इथे नवखी माणसं एका जागी फसतात. प्रोजेक्टच्या पॅकेज यादीत बरेचदा 'अमुक व्हर्जन किंवा त्याहून नवं' एवढंच लिहिलेलं असतं. ती फक्त अट आहे. प्रत्यक्षात काय बसलं आहे ते नेमकी व्हर्जनं नोंदवणारी लॉक फाइल सांगते किंवा वरची कमांड. असिस्टंट अट वाचून तिलाच व्हर्जन समजतो, तेव्हा 'बसवलेलं व्हर्जन बघ' असे शब्द वापरा.

पायरी २: अधिकृत म्हणजे काय, ते आधी स्वतः ठरवा

'अधिकृत डॉक्स बघ' एवढंच म्हटलं तर असिस्टंट वेबवर शोधतो आणि वर येणारं पहिलं पान उचलतो. ते कोणाच्या तरी पाच वर्षांपूर्वीच्या ट्युटोरियलचं असू शकतं. म्हणून जागेचं नाव घ्या.

लायब्ररीसाठी तिचं स्वतःचं संकेतस्थळ, तिथली रिलीज नोट्स आणि व्हर्जन बदलताना काय बदलावं हे सांगणारी मायग्रेशन गाइड. पायथन भाषेसाठी पायथनचे स्वतःचे डॉक्स. ब्राउझरमधल्या गोष्टींसाठी एमडीएन हे वेब डॉक्सचं संकेतस्थळ उत्तम आधार आहे. तरी नियम नेमका काय हा वाद उरलाच तर एचटीएमएलसाठी शेवटचा शब्द त्याचे नियम ठरवणाऱ्या व्हॉटडब्ल्यूजी या गटाच्या लिव्हिंग स्टँडर्डचा आणि जावास्क्रिप्टसाठी एक्मा-२६२ या प्रमाणाचा.

नेटवर्कच्या बाबतीत आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे क्रमांकित दस्तऐवज. पण आरएफसीलाही वय असतं. एचटीटीपीचे अर्थ सांगणारा आरएफसी ७२३१ अजूनही जागोजागी उद्धृत होतो, प्रत्यक्षात जून २०२२ मध्ये आरएफसी ९११० ने त्याची जागा घेतली आहे. आरएफसीच्या पानावर वरच 'ऑब्सोलिटेड बाय' असं लिहिलेलं असतं. असिस्टंटला ती ओळ वाचायला सांगायची सवय लावा.

पोस्टग्रेस या डेटाबेसचे डॉक्स मला विशेष आवडतात, कारण प्रत्येक पानाच्या माथ्यावर व्हर्जनांची रांग असते आणि एका क्लिकवर आपल्या व्हर्जनचं तेच पान मिळतं. सर्च इंजिनमधून गेलं की मात्र पुष्कळदा फार जुन्या व्हर्जनच्या पानावर उतरायला होतं. दुसरी अडचण 'करंट' किंवा 'स्टेबल' असं लिहिलेल्या लिंकची. ती लिंक नवं व्हर्जन आलं की तिकडे सरकते. तुमचा सर्व्हर जुन्या व्हर्जनवर असेल तर आकडा असलेलीच लिंक मागा.

प्रश्नोत्तरांच्या साइटवरची उत्तरं, ब्लॉग, व्हिडिओ यांचा उपयोग आहेच. त्यांतून कोणतं फंक्शन शोधायचं याचा सुगावा लागतो. पुरावा म्हणून त्यांच्यावर थांबायचं नाही.

पायरी ३: तुमचा असिस्टंट खरोखर वाचू शकतो का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सगळंच कोसळतं. काही असिस्टंट वेबवर शोधू शकतात, काहींना दिलेली लिंक उघडता येते, काहींना टर्मिनल मिळतं, आणि काहींना यातलं काहीच नसतं. ज्याला काहीच नाही त्यालाही 'डॉक्स बघून सांग' म्हटलं तर तो 'अधिकृत डॉक्सनुसार' अशी सुरुवात करून आठवणीतलंच लिहू शकतो. फसवायचा हेतू नसतो. तुम्ही मागितलेल्या उत्तराचा घाट तसा असतो, म्हणून तो तसा घाट भरतो.

ओळखायची खूण स्क्रीनवरच असते. असिस्टंट शोध घेतो किंवा पान उघडतो तेव्हा त्या कृतीची वेगळी ओळ दिसते: अमुक शोधलं, अमुक पत्ता उघडला. ती ओळ नसेल तर वाचन झालेलं नाही असं धरा. अशा वेळी सरळ मार्ग म्हणजे तुम्हीच पान उघडा, लागेल तेवढा भाग कॉपी करा आणि 'फक्त या मजकुराच्या आधारे लिही' म्हणून चिकटवा. ओबडधोबड वाटतं, पण काम चोख होतं.

पायरी ४: सूचना अशी लिहा

'पांडाजमध्ये दोन टेबलं जोडून दे' ही सूचना असिस्टंटला आठवणीकडे ढकलते. त्याऐवजी मी असं लिहितो:

"या प्रोजेक्टमध्ये पांडाजचं कोणतं व्हर्जन बसवलं आहे ते आधी टर्मिनलमध्ये बघ. मग पांडाजच्या अधिकृत संकेतस्थळावरचं त्याच व्हर्जनचं पान उघड. दोन डेटाफ्रेम एकाखाली एक जोडण्याबद्दल तिथे काय लिहिलं आहे ते वाच. कोड लिहिण्याआधी पानाची लिंक दे आणि ज्या वाक्याचा आधार घेतोस ते मूळ इंग्रजी वाक्य जसंच्या तसं दे, त्याखाली मराठीत अर्थ सांग. पान सापडलं नाही तर 'सापडलं नाही' असं लिहून थांब, आठवणीतून भरू नकोस."

यातलं प्रत्येक वाक्य अनुभवातून आलं आहे. क्रम महत्त्वाचा, कारण एकदा कोड लिहून झाला की असिस्टंट त्याच कोडला पूरक वाटेल असं पान शोधतो. मूळ इंग्रजी वाक्य मागण्याचं कारण तपासणी. भाषांतर पानावर शोधता येत नाही, मूळ वाक्य येतं. आणि थांबायची मोकळीक दिली नाही तर तो थांबत नाही. नवख्यांना शेवटचं वाक्य अनावश्यक वाटतं. माझ्या मते सगळ्यांत मोलाचं तेच आहे.

एका सूचनेत एकच प्रश्न ठेवा. 'सगळे डॉक्स वाच आणि ॲप बनव' म्हटलं की तो वरवर चाळतो.

पायरी ५: लिंक स्वतः उघडा

दिलेली लिंक उघडा, 'कंट्रोल एफ' दाबा आणि वाक्याचे चार-पाच शब्द शोधा. अर्धा मिनिट लागतं. चार गोष्टी घडू शकतात. पानच नसेल तर लिंक कल्पित आहे. पान आहे पण वाक्य नाही, तर वाक्य कल्पित आहे. वाक्य आहे पण पत्त्यातला व्हर्जनचा आकडा वेगळा, तर पायरी १ पुन्हा. आणि सगळं जुळलं तर वाक्याच्या वरचा आणि खालचा परिच्छेदही वाचा, कारण 'हे करू नका' अशा इशाऱ्याखालचं उदाहरण उचललेलं मी पाहिलं आहे.

हे वाचन वाया जात नाही. 'अपेंड'च्या बाबतीतच बघा. फाइली लूपमध्ये एकेक करून जोडल्या तर दर वेळी आधीच्या सगळ्या डेटाची नवी प्रत बनते, म्हणून आधी यादीत गोळा करून शेवटी एकदाच 'कॉन्कॅट' करा, असा सल्ला डॉक्समध्ये आहे. असिस्टंटने लूपमध्येच 'अपेंड'च्या जागी 'कॉन्कॅट' लिहून दिलं असतं तर कोड चालला असता, पण फाइली वाढल्या की रांगत चालला असता.

चालतो पण चुकतो, असा कोड

एरर देणारा कोड त्या मानाने बरा, निदान तो ओरडतो. खरी भीती शांतपणे चुकणाऱ्या कोडची आहे, आणि आपल्याकडे त्याचं नेमकं उदाहरण म्हणजे पायथनचं 'यूटीसीनाऊ'.

हे फंक्शन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, देतं, पण त्या वेळेला आपण यूटीसी आहोत हे माहीत नसतं. टाइमझोनचं लेबलच नसतं. लेबल नसलेली वेळ पायथनची अनेक फंक्शनं स्थानिक वेळ समजतात. म्हणजे दुपारी साडेतीनला तुमच्या लॅपटॉपवर 'यूटीसीनाऊ' सकाळचे १० देतं. त्याचा टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळ सेकंदांत मोजणारा आकडा, काढला तर पायथन ते भारतीय वेळेनुसारचे सकाळचे १० समजतं आणि हिशेब साडेपाच तास मागे जातो. यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर हाच कोड बरोबर उत्तर देतो. मग 'सर्व्हरवर चालतं, माझ्याकडे चुकतं' असा शोध सुरू होतो आणि लोक कुठेतरी साडेपाच तास मिळवून टाकतात. त्यामुळे सर्व्हरवरचा हिशेबही बिघडतो.

ऑक्टोबर २०२३ च्या पायथन ३.१२ पासून हे फंक्शन डेप्रिकेटेड आहे, म्हणजे अजून चालतं पण वापरू नका. त्याच्या जागी 'नाऊ' या फंक्शनला यूटीसी टाइमझोन द्यायचा. डॉक्समध्ये याच फंक्शनखाली इशारा आहे. म्हणून वरच्या सूचनेत मी आणखी एक ओळ जोडतो: "वापरलेल्या प्रत्येक फंक्शनच्या पानावर डेप्रिकेशनची सूचना किंवा इशारा आहे का ते बघून सांग."

पायरी ६: सूचना फाइलमध्ये कायमची ठेवा

रोज तेच टाइप करण्यात अर्थ नाही. बहुतेक कोडिंग असिस्टंट प्रोजेक्टमधली एक ठरावीक फाइल आपोआप वाचतात. 'एजंट्स डॉट एमडी' ही अनेकांना चालते. क्लॉड कोडसाठी 'क्लॉड डॉट एमडी', गिटहब कोपायलटसाठी 'डॉट गिटहब' फोल्डरमधली 'कोपायलट इन्स्ट्रक्शन्स' फाइल, कर्सरसाठी त्याचे रूल्स.

फाइलमध्ये चार-सहा ओळी पुरतात. कोणत्या लायब्ररीसाठी कोणतं संकेतस्थळ, बाहेरच्या लायब्ररीचं फंक्शन वापरण्याआधी बसवलेल्या व्हर्जनचं पान उघडायचं, लिंक आणि मूळ वाक्य द्यायचं, न सापडल्यास थांबायचं. पानभर नियम लिहिले की महत्त्वाचा नियम गर्दीत हरवतो. काही दिवसांनी असिस्टंट नियम विसरल्यासारखा वागला तर नवं संभाषण सुरू करा. लांबलेल्या संभाषणात सुरुवातीच्या सूचनांचा जोर कमी होतो.

पायरी ७: डॉक्स पुरवणारे एमसीपी सर्व्हर

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. असिस्टंटला बाहेरच्या साधनाशी जोडायची ती एक समान पद्धत आहे. आता काही कंपन्या याच पद्धतीने आपले डॉक्स देतात. मायक्रोसॉफ्ट लर्नचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉक्सच्या साइटचा, असा सर्व्हर आहे. त्याला लॉगिन लागत नाही, आणि तो डॉक्समध्ये शोधणं व पूर्ण पान आणून देणं ही दोन्ही कामं करतो. ॲझ्युर किंवा डॉटनेट शिकत असाल तर हा पहिल्या दिवशीच जोडा. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेचाही डॉक्युमेंटेशन सर्व्हर आहे. कॉन्टेक्स्ट७ हा अनेक लायब्ररींचे डॉक्स एका ठिकाणी गोळा करून देतो. तो सोयीचा आहे, पण तो तुकडा मुळात कुठून आला ते तिथेही विचारा.

सर्व्हर जोडला म्हणजे असिस्टंट तो वापरेलच असं नाही. सोपा प्रश्न वाटला की तो आठवणीतूनच उत्तर देतो. पायरी ६ च्या फाइलमध्ये 'ॲझ्युरबद्दल लिहिण्याआधी मायक्रोसॉफ्ट लर्नमध्ये शोध' अशी ओळ असू द्या.

नेट नसेल तर

बरेच डॉक्स तुमच्या मशीनवरच असतात, आणि ते तुमच्याच व्हर्जनचे असतात. पायथनमध्ये 'हेल्प', लिनक्सवर 'मॅन', गो भाषेत 'गो डॉक', जवळजवळ प्रत्येक कमांडला 'हेल्प' हा पर्याय. टाइपस्क्रिप्टमध्ये लायब्ररीसोबत आलेल्या टाइप फाइलींत फंक्शन कोणती माहिती घेतं आणि काय परत देतं ते लिहिलेलं असतं. असिस्टंटला म्हणा: "बसवलेल्या पॅकेजचा कोड उघड आणि हे फंक्शन कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर आहे ते दाखव." मला विचाराल तर हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. इंटरनेट मंद असलेल्या गावी काम करणाऱ्यांनी तर याच पद्धतीने सुरुवात करावी.

पॅकेज बसवण्याआधी थांबा

असिस्टंट कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव सुचवतो. नुसता एरर आला तर बरं. पण अशी वारंवार सुचवली जाणारी नावं हेरून त्याच नावाने घातक पॅकेज नोंदवण्याचा मार्ग हल्लेखोरांना मोकळा असतो. त्यामुळे अनोळखी नाव आलं की आधी लायब्ररीच्या अधिकृत संकेतस्थळावरची इन्स्टॉलेशनची ओळ मागा, ती जुळवा, मगच बसवा. आणि असिस्टंट जी वेबपानं वाचतो त्यांतही त्याला उद्देशून लिहिलेल्या लपवलेल्या सूचना असू शकतात. पान वाचून झाल्यावर तो अचानक भलतीच कमांड चालवायची परवानगी मागू लागला तर नकार द्या. पासवर्ड आणि गुप्त की त्याच्या वाचनकक्षेत ठेवू नका.

पायरी ८: वाचल्यावर छोटी चाचणी

शेवटची पायरी मराठी फॉर्म बनवणाऱ्यांना ओळखीची वाटेल. पिनकोड सहा आकडी आहे का हे तपासायला असिस्टंट रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर साच्यात बसतो का हे तपासणाऱ्या नमुन्यात, 'बॅकस्लॅश डी' वापरतो, म्हणजे 'अंक'. अंक म्हणजे कोणते? पायथनचे डॉक्स सांगतात की साध्या स्ट्रिंगसाठी युनिकोडमधला कोणताही दशमान अंक, म्हणजे आपले देवनागरी अंकही. जावास्क्रिप्टमध्ये मात्र फक्त इंग्रजी 0 ते 9. गो भाषेतही तसंच.

म्हणजे कोणी मराठी कीबोर्डवरून ४११०३० टाइप केलं तर ब्राउझरमधली तपासणी त्याला अडवते आणि पायथनमधली तपासणी आत घेते. आत घेतलेला पिनकोड देवनागरीतच साठवला गेला तर इंग्रजी आकड्यांतल्या त्याच पिनकोडशी तो जुळत नाही, आणि एकाच पेठेचे दोन गट पडतात. असिस्टंटला दोन्हीकडची पानं उघडायला सांगा, दोन्ही वाक्यं मागा, आणि मग डॉक्सवरही न थांबता चाचणी लिहून घ्या: एक इंग्रजी आकड्यांतला पिनकोड, एक देवनागरी, एक मिसळलेला.

तोपर्यंत स्वतः करून बघायचं असेल तर पायथन उघडा आणि अवतरणातल्या '१२३' ला 'इंट' लावा, 123 मिळेल. मग ब्राउझरच्या कन्सोलमध्ये त्याच '१२३' ला 'नंबर' लावा. तिथे 'नॅन' दिसेल, म्हणजे हा आकडा नाही. यातली कोणती वागणूक तुमच्या फॉर्मला हवी ते ठरवा आणि असिस्टंटला तसं स्पष्ट सांगा.